जिताड्याला आज जेवायला किती?

तुमच्या ग्रुपमध्ये जिमला जाणारा एक तरी मित्र असणारच. त्याला सहज विचारा, दिवसाला प्रोटीन किती घेतोस? तो वजनाला गुणून ग्रॅममध्ये उत्तर देईल आणि वर अंड्यातला पिवळा भाग का खात नाही, यावर दहा मिनिटं घेईल. आता अशी कल्पना करा, की या मित्राच्या अंगाचं तापमान कायम ३७ अंश नसतं, त्याच्या खोलीइतकंच असतं. मे महिन्यातल्या दुपारी ३४, जानेवारीतल्या पहाटे २१. खोली गार झाली की त्याची भूक मरते, काल जेवलेलं आजही पोटात तसंच पडून असतं. खोली तापली की तो ताटावर तुटून पडतो, पण धापाही टाकतो. मेसच्या काकूंनी त्याच्यासाठी रोज किती पोळ्या लाटायच्या?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण रायगड जिल्ह्यात तो रोज सकाळी तळ्याकाठी बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला खरोखर पडतो. फक्त मित्राच्या जागी जिताडा असतो.

जिताडा म्हणजे काय, हे अलिबाग-पेणच्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गोव्यात याला चोणक म्हणतात, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. पुस्तकातलं नाव लॅटेस कॅल्कॅरिफर. खारट पाण्यात जन्मतो, लहानपणी खाडीतून गोड्या पाण्याकडे चढतो आणि अंडी घालायच्या वेळी पुन्हा खाडीच्या तोंडाशी येतो. बहुतेक जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी, चांगलं वजन धरल्यावर माद्या होतात. रायगडात त्याचा मान मोठा. पाहुणा खास असेल तर पापलेट, सुरमई बाजूला राहते आणि जिताडा शोधला जातो. सरकारी कचेरीत अडलेलं काम जिताड्याने सुटतं, हा विनोद तर जिल्ह्यात जुनाच आहे.

अलिबाग तालुक्यात शहापूर, धेरंड या बाजूला गेलात तर खारेपाट दिसेल. एकीकडे खाडी, तिला अडवणारा मातीचा बाहेरकाठा, त्याच्या आत भातशेती आणि घराशेजारी तळं. याच टापूत चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमीन न कसता संप केला होता, तो इतिहास तुम्ही वाचला असेल. या गावांतली जिताड्याची तळीही जुनी. पावसाळ्यात खाडीत सापडणारी पिल्लं आणून तळ्यात सोडायची, तळ्यातला तिलापिया आणि थोडी बारीक मासळी त्यांना खायला, आणि मासा तयार झाला की घरच्या गरजेला किंवा गिऱ्हाइकाला काढायचा. यात खाद्याचा हिशोब फारसा कोणी करत नसे. मासे थोडे होते, पाणी भरपूर होतं, चालून जायचं.

आता चित्र बदलतंय. बाहेरकाठ्याला खांड पडली, उधाणाचं पाणी शेतात शिरलं, की ती जमीन पुढची काही वर्षं भाताला नीट साथ देत नाही. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं जमीन विकून टाकू, दुसरं म्हणतं तळं काढू. दुसऱ्या मतवाल्याच्या हातात बहुतेक वेळा मोबाइल असतो आणि त्यात 'कमी जागेत लाखोंची कमाई' छापाचा व्हिडिओ. २०२०पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आहे. सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान मिळतं. तळं खोदणं, प्लास्टिक अंथरणं, बीज आणणं, यापर्यंत सगळं नीट होतं. पुढे खरा खर्च सुरू होतो, तो खाद्याचा. बंदिस्त मत्स्यपालनात रोजच्या खर्चातला निम्म्याहून मोठा वाटा खाद्यावर जातो. बी.कॉम.ला 'व्हेरिएबल कॉस्ट' शिकलात ना, ती हीच.

आणि इथे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पाणी जितकं उबदार तितका मासा वाढतो, ही एक. जितकं जास्त घालू तितका तो वाढतो, ही दुसरी. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत. गंमत म्हणजे दोघींचा उरलेला अर्धा भाग एकमेकींत दडलाय.

आधी उबेचं बघू. माशाला स्वतःचं शरीर गरम ठेवता येत नाही. (ट्यूनासारखे काही अपवाद आहेत, पण ते आपल्या तळ्यात येत नाहीत.) पाण्याचं तापमान तेच त्याच्या यकृताचं, स्नायूंचं, आतड्याचं तापमान. शरीरातल्या रासायनिक क्रिया दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट, कधी तिप्पट वेगाने होतात. म्हणजे २० अंशांच्या पाण्यात जे जेवण पोटातून पुढे सरकायला अख्खा दिवस घेईल, ते ३० अंशांत अर्ध्या दिवसात सरकेल. पोट लवकर रिकामं, भूक लवकर, जेवण जास्त, वाढ जास्त. इथपर्यंत पहिली समजूत बरोबर आहे. जिताडा उष्ण कटिबंधातला गडी, त्याला २६ ते ३२ अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या खाली गेलं की तो जवळपास खाणं सोडतो. कोकणात कसली थंडी, असं मुंबईकर म्हणतील, पण उथळ तळ्यावर जानेवारीतल्या निरभ्र रात्री काय होतं ते पहाटे हात घालून बघावं.

आता पोटाचं. रविवारी मासळी बाजारात जाल तेव्हा कापून देणाऱ्या मावशींना एक विनंती करा, जिताडा आणि रोहू दोन्हींचं आतलं पोट एका पिशवीत द्या म्हणावं. त्या हसतील, पण देतील. घरी आणून कागदावर पसरा. जिताड्याचं पोट पिशवीसारखं, जाड भिंतीचं आणि ताणणारं. त्याच्या पुढे बोटांसारख्या छोट्या पिशव्या आणि मग आखूड आतडं. जीवशास्त्रात शिकलेलं पेप्सिन आणि आम्ल आठवा, ते इथे काम करतं. हा शिकारी आहे. सावज अख्खं गिळायचं आणि निवांत विरघळवायचं, असा त्याचा कारभार. रोहूचं पसराल तर नुसतं आतडंच आतडं, गुंडाळी सुटता सुटत नाही. त्याच्या शरीराच्या कितीतरी पट लांब. आणि जठर? नाहीच. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस या सगळ्या कुळाला जठरच नसतं. घशातल्या दातांनी चिरडायचं आणि थेट आतड्यात ढकलायचं.

यातून रोजच्या कामाचा निष्कर्ष निघतो. रोहूकडे साठवायला कोठार नाही, म्हणून तो दिवसभर थोडं थोडं चरतो. आंध्रात गोड्या पाण्याच्या तळ्यांत बांबूला भोकं पाडलेल्या पिशव्या टांगतात, आत भाताचा कोंडा आणि भुईमुगाची पेंड. मासे येतात, चोखतात, जातात. रोहूच्या अंगच्या सवयीला ही पद्धत चपखल बसते. जिताड्याला मात्र कोंडा-पेंड घालून उपयोग नाही. त्याला ४० ते ५० टक्के प्रथिनं असलेलं खाद्य लागतं, रोहू २५ ते ३० टक्क्यांवर खूश असतो. जिताड्याला पिष्टमय पदार्थ नीट वापरता येत नाहीत. जास्त झाले की यकृतात चरबी धरते. स्वस्त पडतं म्हणून कच्चं सोयाबीन दळून घालणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचकरसाला अडवणारा घटक असतो. नीट भाजल्याशिवाय किंवा वाफवल्याशिवाय तो जात नाही. म्हणजे खाद्य पोटात जाणार, पण अंगी लागणार नाही.

बंदरावर मिळणारी बारीक मासळी हा जिताड्याचा जुना खाऊ. तो त्याला आवडतो, वादच नाही. पण ताज्या मासळीत वजनाच्या तीन चतुर्थांश पाणीच असतं. त्यामुळे एक किलो जिताडा तयार करायला पाच-सहा किलो किंवा त्याहून जास्त मासळी जाते, चांगल्या कोरड्या पेलेटवर तेच काम दीड-दोन किलोंत होतं. शिवाय काही कच्च्या मासळीत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, रोज तेवढंच घालत राहिलात तर मासा अशक्त होतो. पेलेटची किंमत ऐकून पोटात गोळा येतो हे खरं, पण तुलना किलोच्या भावाची करायची नसते, एक किलो मासा तयार व्हायला किती रुपये लागले त्याची करायची असते.

आता तापमान आणि ताट एकत्र आणू, कारण खरी गोम तिथे आहे.

टास्मानियातल्या अभ्यासकांनी २००५मध्ये जिताड्याच्या पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या टाक्यांत २७पासून ३९ अंशांपर्यंत पाणी ठेवलं. ३६पर्यंत पिल्लं मजेत वाढली, ३९ला वाढ कोसळली. हे वाचून कोणी म्हणेल, मग आमच्या मे महिन्याची कसली भीती? थांबा. प्रयोगशाळेत त्या पिल्लांना पोटभर खाद्य होतं, हवा सोडणारे पंप होते, पाणी स्वच्छ होतं. तुमच्या तळ्यात यातलं काय काय आहे?

याचं उत्तर शोधायला जरा लांब, कॅनडाला जाऊ. तिथे जे. आर. ब्रेट नावाच्या शास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत सॉकाय सामन या माशाच्या पिल्लांवर केलेलं काम १९६९मध्ये छापून आलं. सामन थंड पाण्यातला मासा, त्याचे आकडे आपल्याला लागू नाहीत, पण तत्त्व शंभर टक्के लागू आहे. त्यांनी तापमानही बदललं आणि खाद्याचं प्रमाणही. पोटभर खाणारी पिल्लं साधारण १५ अंशांना सर्वांत छान वाढली. मग खाद्य तोडत नेलं, तसं ते 'सर्वांत छान' तापमान खाली खाली सरकत गेलं. अगदी तुटपुंज्या खाद्यावर ते ५ अंशांच्या आसपास आलं. म्हणजे 'या माशाला अमुक तापमान उत्तम' असं एक ठरलेलं उत्तर नसतंच. ताटात किती आहे, त्यावर ते ठरतं.

का? हॉस्टेलवर राहणाऱ्यांना लगेच कळेल. घरून येणारे पैसे तेवढेच, पण खोलीचं भाडं दर महिन्याला वाढतंय. पाणी तापलं की माशाचा नुसतं जिवंत राहण्याचा खर्च वाढतो. हृदय जोरात चालतं, कल्ले जोरात हलतात, पेशींची डागडुजी वेगाने होते. पैसे भरपूर येत असतील तर भाडं भरूनही हातात उरतं, उलट कामही जोरात होतं. पैसे तुटपुंजे असतील तर सगळं भाड्यातच जातं आणि वाढीला काही उरत नाही. अशा वेळी थोडी गार, स्वस्त खोली परवडते.

म्हणून मे महिन्यात ज्याच्या तळ्यात खाद्य आज आहे, उद्या नाही, अशी स्थिती असते, त्याचा जिताडा तापलेल्या पाण्यात वाढत नाही, झिजतो. मालक म्हणतो, बीज खराब निघालं. आणि जिताड्याच्या बाबतीत उपासमारीचा दुसरा दणकाही बसतो. भूक लागलेला जिताडा भावाला खातो. स्वतःच्या लांबीच्या जवळपास दोनतृतीयांश लांबीचा भाऊ तो गिळू शकतो. पाणी गरम, भूक तेज, बादली रिकामी, आणि तळ्यात लहानमोठे मिसळलेले. महिन्याभराने जाळं टाकलं की मासे मोजके आणि त्यातला एखादा लठ्ठ. पिल्लं लहान असताना दर थोड्या दिवसांनी आकारानुसार वेगळी करावी लागतात ती यासाठीच.

मग भरपूर घालत राहू, म्हणजे प्रश्न मिटला? दुसरी समजूत इथे बुडते, शब्दशः.

आपल्या रायगडातल्याच भिरा गावात मार्च २०१७मध्ये पारा ४६.५ अंशांवर गेल्याची नोंद झाली होती आणि देशभर बातमी झाली होती. हवा इतकी तापली म्हणून तळं तितकं तापत नाही. एक किलो पाणी एका अंशाने तापवायला एक किलो हवेच्या चौपट उष्णता लागते, शिवाय पाणी वाफ होऊन स्वतःला गार करत राहतं. तरी उथळ तळं आठवड्याभराच्या उन्हात बऱ्यापैकी तापतं. आणि तापलेलं पाणी प्राणवायू कमी धरून ठेवतं. गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो, ३० अंशांना सुमारे ७.५, ३५ अंशांना ७च्या आसपास. खाऱ्या पाण्यात यापेक्षाही कमी. तुम्ही-आम्ही श्वास घेतो त्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम असतो, म्हणजे मासा आधीच किती काटकसरीत जगतो बघा. त्यात गरम पाण्यात त्याची गरज वाढलेली, आणि जेवल्यावर अजून वाढते, कारण पचन हेही काम आहे. भरल्या पोटी जिने चढून बघा.

दिवसा तळ्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री तेही तो वापरतं. त्यामुळे पहाटे, उजाडायच्या आधी, तळ्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात ते तेव्हाच. संध्याकाळी उशिरा भरपेट घातलेलं खाद्य पचवायची वेळ आणि प्राणवायूची टंचाई या दोन गोष्टी एकाच रात्री गाठ घालतात. म्हणून पहिलं जेवण ऊन वर आल्यावर आणि दुसरं सूर्य मावळायच्या बरंच आधी, हा नियम चांगला. कामावर जायची घाई आहे म्हणून पहाटे साडेपाचला बादली उपडी करणं सगळ्यात वाईट.

न खाल्लेलं खाद्य कुठे जातं? एक हिशोब करू. समजा तुमचं दहा गुंठ्यांचं तळं आहे, पाणी सव्वा मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण १२०० घनमीटर. त्यात १००० जिताडे, प्रत्येकी २०० ग्रॅम. एकूण वजन २०० किलो, रोज त्याच्या ४ टक्के म्हणून ८ किलो खाद्य. थंडीची लाट आली, पाणी गार झालं, माशांनी निम्मंच खाल्लं आणि तुम्ही तक्त्याप्रमाणे ८ किलो घालतच राहिलात. रोज ४ किलो वाया. त्यात ४५ टक्के प्रथिनं धरली तर १.८ किलो. प्रथिनात सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे रोज जवळपास २९० ग्रॅम नायट्रोजन तळ्यात कुजायला गेला. तो सगळा अमोनियात बदलला असं धरलं तर लिटरमागे रोज पाव मिलिग्रॅमची भर. चार दिवसांत एक मिलिग्रॅम. प्रत्यक्षात शेवाळ आणि जीवाणू त्यातला काही वापरतात, पण मासे जे खातात त्यातूनही कल्ल्यांवाटे अमोनिया येतच असतो.

आणि मग तीन-चार दिवसांनी लाट ओसरते, ऊन पडतं, पाणी तापतं. अमोनियाची दोन रूपं असतात, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी, दुसरं विषारी. सामू ८ असलेल्या पाण्यात २० अंशांना एकूण अमोनियापैकी ४ टक्क्यांहून थोडा कमी भाग विषारी रूपात असतो, ३० अंशांना तो साडेसात टक्क्यांच्या जवळ जातो. तोच अमोनिया, पाणी फक्त गरम झालं, आणि विष दुप्पट. दुपारी शेवाळामुळे सामू वाढतो, तेव्हा आणखी. थंडीत झालेल्या उधळपट्टीचं बिल असं उन्हात येतं. मालकाला वाटतं, आज तर हवा छान आहे, आज मासे का मलूल?

या सगळ्यात मला पावसाळा जास्त फसवा वाटतो. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत खाऱ्या तळ्यावर गोड्या, गार पाण्याचा थर साचतो. खारं पाणी जड, ते खाली राहतं. दोन्ही थर सहज मिसळत नाहीत. वरून सगळं आलबेल, खाली उबदार, खारं, प्राणवायू संपत चाललेलं पाणी, आणि त्याच तळाशी उन्हाळाभर साचलेला गाळ. जिताडा खारं-गोडं दोन्ही सोसतो, त्याला त्या बदलाची फार फिकीर नाही, पण गुदमरण्याची आहे. पुढे आठ-आठ दिवस आभाळ भरलेलं, शेवाळाला ऊन नाही, प्राणवायू कमी. थर्मामीटर २७-२८ दाखवतोय, म्हणजे पुस्तकी भाषेत उत्तम, म्हणून पूर्ण खाद्य घालायचं का? नाही. ढगाळ दिवसांत हात आखडावा आणि पाणी ढवळणारं यंत्र चालवावं. वीज गेली तर पर्याय काय, हे जूनच्या आधी ठरवावं. कोकणातल्या पावसात वीज जाते, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्याच दिवसांत पोत्यातल्या पेंडीला, पेलेटला बुरशी धरते. भुईमुगाच्या पेंडीवरची काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते माशाच्या यकृतावर बसतं. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि महिन्याला पुरतील इतकीच आणावीत. घाऊक सवलतीत सहा महिन्यांचं खाद्य घेणारा पैसे वाचवत नाही.

मग घालायचं किती? तक्ता लागतो, पण तो सुरुवातीपुरता. बोटुकली लहान असताना ओलं खाद्य वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास आणि मासा मोठा होईल तसं कमी करत नेणं, हा साधारण अंदाज. पुढचं काम डोळ्यांचं. तरंगणारं पेलेट असेल तर मूठमूठ टाका आणि बघा. पाणी उसळतंय तोवर टाकत राहा, उसळी मंदावली की थांबा. पंधरा-वीस मिनिटांनी दाणे तरंगताना दिसले तर उद्या कमी. सकाळचं पाणी आदल्या आठवड्यापेक्षा दोन-तीन अंशांनी उतरलेलं असेल तर बादली भरण्याआधीच कमी भरा. कोळंबीवाले हेच काम तळाशी सोडलेल्या जाळीदार ताटलीने करतात, कारण कोळंबी खाली खाते आणि वरून काही दिसत नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरी किंवा नातेवाइकांकडे तळं असेल, तर या सेमिस्टरचा प्रोजेक्ट तयार आहे. शंभर-दोनशे रुपयांचा साधा थर्मामीटर दोरीला बांधा. पहाटे सहाला आणि दुपारी दोनला, एकदा वर आणि एकदा तळाशी तापमान घ्या. वहीत तारीख, चार आकडे, आभाळ कसं होतं, खाद्य किती घातलं आणि किती उरलं, एवढं लिहा. दर पंधरवड्याला वीस-पंचवीस मासे जाळ्यात घेऊन वजन करा आणि परत सोडा. वजन करण्याच्या आदल्या संध्याकाळी जेवण बंद, नाहीतर तुम्ही पोटातलं खाद्यच मोजाल. दिवाळीनंतर सुरू केलंत तर होळीपर्यंत गार आणि गरम दोन्ही पाणी वहीत येईल. मग एक आलेख काढा, आडव्या अक्षावर पहाटेचं तापमान, उभ्या अक्षावर उरलेलं खाद्य.

ती वही घेऊन पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात जा, अलिबागला मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात जा. पुढे याच विषयात शिकावंसं वाटलं तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संशोधन संस्थेने १९९७मध्ये भारतात प्रथमच बंदिस्त पाण्यात जिताड्याचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून बीज फक्त खाडीच्या भरवशावर राहिलेलं नाही. मात्र हॅचरीत जन्मलेली ही पिल्लं पेलेट खायला शिकवलेली आहेत की नाही, हे विकत घेताना विचारा, आणि जमल्यास समोर मूठभर टाकून दाखवायला सांगा. फक्त जिवंत खाद्यावर वाढलेलं पिल्लू तुमच्या तळ्यात आल्यावर महागाच्या दाण्याकडे ढुंकूनही बघणार नाही, मग पाणी कितीही छान तापलेलं असो.